खाली तांबोळी, वर आभाळ

पारनेर गाडीचा कंडक्टर छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी एका सभेच्या पत्रकाची प्रुफं तपासत होते. नगरला आल्यापासून गावाकडचे निरोप मला याच गाडीने येतात. कधी फडक्यात बांधलेल्या शेंगा येतात, कधी नुसतं "एकदा येऊन जा". त्या दिवशी त्याच्या हातात काही नव्हतं. तो म्हणाला, "तांबोळ्याच्या भाभीनं सांगितलंय, आज वरून पावलं वाजली न्हाईत. एवढंच सांग म्हनली. तुमाला कळंल म्हनली." मला कळलं. प्रूफ तसंच टेबलावर ठेवलं आणि मी त्याच्या मागोमाग स्टँडवर गेले.

अमिनाभाभी तांबोळी खाली राहते आणि द्वारकामावशी तिच्या डोक्यावर, माडीवर राहायची. मावशीची जमीन म्हणजे भाभीचं छत, मध्ये फक्त लाकडी फळ्या. उजाडायच्या आधी मावशी उठायची, बोर्डिंगातल्या भाकऱ्यांना निघायची, आणि फळ्यांवर वाजणाऱ्या तिच्या पावलांनी खालचं घर जागं व्हायचं. तांबोळ्यांकडे कोंबडा होता, पण तो मावशीचं ऐकून आरवतो असं भाभी म्हणायची. त्या दिवशी पावलं वाजली नाहीत, कोंबडा आरवला आणि भाभी उठून पायऱ्या चढून वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी चुलीपुढे भिंतीला टेकून बसली होती. चूल पेटवायची राहिली होती…

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी हे लिहिते आहे ते रडण्यासाठी नाही. एक खोली विकायची आहे. ती कुणाला विकायची हे सांगायचं तर आधी मावशी सांगावी लागेल.

ती माझ्या नात्यातली नव्हती. माझे वडील गावच्या हायस्कुलात मास्तर होते. आई मी लहान असतानाच गेली, म्हणून आम्हा बापलेकीचं जेवण शाळेच्या बोर्डिंगात. तिथे भाकऱ्या थापायला द्वारकामावशी होती. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला भावाच्या दारात आणून सोडलं, त्याला तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. वडील पक्षाचं काम करायचे. आमच्या घरात देवाच्या तसबिरी नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरून. मला 'कमळ' लिहिता येण्याआधी 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. मी चुलीपाशी बसून पत्रकं मोठ्याने वाचायची, मावशी परातीत पीठ मळत ऐकायची, आणि वाचून झालं की माझ्या हातातून कागद घेऊन चुलीत सारायची. "लई चांगलं लिवलंय," म्हणायची, "लगेच पेटलं." माझी अर्धी चळवळ तिच्या चुलीत गेली. ती मला 'पत्रकबाई' म्हणायची, मी कॉलेजात गेले तरी.

भावाच्या घरी तिला जाच नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण जाचाच्या गोष्टी लोकांना लगेच पटतात आणि लोक त्यापुढे विचार करत नाहीत. भानुदासमामा भला माणूस. बहिणीला ताट वेळेवर, सणाला लुगडं वेळेवर. पण आमच्याकडे जत्रेला गावजेवण असतं आणि केरूतात्या, गावचा न्हावी, त्याचं आवतन द्यायला घरोघर फिरतो. घरटी एकाच माणसाला बोलावणं असलं तर तो नुसतं नाव घेतो. सगळ्या घराला असलं तर उंबऱ्याशी उभा राहून म्हणतो, "चूलबंद." म्हणजे आज तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. गाव पट्टी मागतं ती उंबऱ्यामागे आणि आवतन देतं तेही उंबऱ्याला. माणसं मोजत नाहीत, उंबरे मोजतात. मावशी एकदा भाकरी उलथता उलथता म्हणाली, "जलम गेला चुलीपुढं, पन माझ्या चुलीला कुनी कवा बंद हो म्हनलं न्हाई. म्हनतील कसं? ती हायेच कुठं?" हसत म्हणाली होती. मी शाळेत होते तेव्हा, मीही हसले.

मग बाबूचाचांच्या, म्हणजे अमिनाभाभीच्या नवऱ्याच्या, धाकट्या भावाला पुण्यात कारखान्यात नोकरी लागली आणि त्याने आपल्या वाटणीची माडी विकायला काढली. एकच खोली. तांबोळ्यांच्या ओसरीतून आतल्या जिन्याने चढायचं, डोक्याने फळीची झडप उचलायची आणि उंदरासारखं वर निघायचं. एका अंगाला खिडकी, वर पत्रे. तिला अंगण नाही, परडं नाही, दार नाही. पारावर लोक म्हणायचे, "अधांतरी घर कोन घेतंय, चिमन्या?" कुणी घेईना म्हणून भाव उतरत गेला. एका दुपारी मावशीने परात पालथी घातली, हात धुतले आणि सांगितलं की मी घेते.

भानुदासमामाला ते लागलं. "लोक म्हनतील, भावानं बहिनीला वर टांगली," तो म्हणाला. मावशी म्हणाली, "टांगू दे. वरून गाव तरी दिसंल." मग तो म्हणाला की घ्यायचीच तर माझ्या नावावर घे, बाईच्या नावावरचं घर टिकत नाही. त्याच्या मनात काळं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. मावशी म्हणाली, "दादा, तुझ्या नावावर एक हाय की. दोन घरांत एकदम कसा निजशील?"

विरोध मीही केला. तेव्हा मी नगरला कॉलेजात होते आणि सुट्टीला येताना डोक्यात नवं काही भरून यायची. मी तिला खाजगी मालकीबद्दल सांगितलं. माणसाला घर नको, सगळ्यांना निवारा हवा. मालकी आली की कुंपण येतं, कुंपण आलं की कुत्रं येतं, असं बरंच. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खरं हाय तुझं. मालकी सोडावीच मानसानं. मी बी सोडीन. आधी धरू तर दे." मालकीबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण त्या दिवसापासून पत्रक लिहिताना मी एक गोष्ट तपासते. आपण कुणाला सोडायला सांगतो आहोत, आणि त्याच्या मुठीत मुळात काही आहे का…

खरेदीखताला आम्ही पारनेरला गेलो तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. दस्त लिहिणारे गृहस्थ वयस्कर, चष्मा दोऱ्याने बांधलेला. नेहमीच्या सुरात म्हणाले, "चतुःसीमा सांगा." पूर्वेला बोळ, पश्चिमेला शेजाऱ्याची भिंत, असं विकणाऱ्या भावाच्या वतीने बाबूचाचा सांगत गेले आणि ते लिहीत गेले. चार दिशा संपल्या, पण त्यांचं समाधान होईना. घर जमिनीवर नव्हतं. त्यांनी टाक थांबवला. "आणि खाली?"

"खाली तांबोळी," बाबूचाचा म्हणाले.

"मग वर?"

"वर पत्रे."

"पत्रे माझेच हायेत," मावशी मध्येच म्हणाली. "त्येच्या वर काय ते लिवा."

"त्याच्या वर काही नाही, बाई."

"कसं न्हाई? आभाळ हाय."

"आभाळ चतुःसीमेत बसत नाही."

"सीमा म्हंजी माझं जिथं संपतं ती जागा ना?" मावशी म्हणाली. "मंग माझं तितंच संपतंय."

त्या गृहस्थांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग बाबूचाचांकडे. बाबूचाचांनी खांदे उडवले, आभाळ त्यांचं नव्हतं. अखेर त्यांनी लिहिलं: खाली तांबोळी यांचे राहते घर, वर आभाळ. मी ते तिला दोनदा वाचून दाखवलं. परत येताना गाडीत ती खिडकीशी बसली होती आणि मान वर करून बघत होती, शेतकरी बांधावरून आपलं रान बघतो तसं.

त्या वर्षीच्या जत्रेची पट्टी गोळा करायला पंच आले. दगडूनाना त्यांचा पुढारी. मावशीने पैसे काढून ठेवले होते. नाना ओसरीतूनच वर बघून म्हणाला, "मावशी, तुमची पट्टी माफ. एकट्या बाईकडनं काय घ्यायची?"

झडपेतून तिचं डोकं बाहेर आलं. "माफ कशापायी? मी काय गुन्हा केलाय?"

नाना वाईट माणूस नाही, म्हणून खरं बोलून गेला. "तसं न्हाई. तुमाला उंबरा न्हाई ना. तांबोळ्याच्या उंबऱ्यातनं तुमी जाता-येता, तवा त्यांच्यातच धरलंय."

चार दिवसांनी केरूतात्या आला, ओसरीच्या उंबऱ्याशी उभा राहून तांबोळ्यांना चूलबंद सांगून गेला. वर कुणी आहे हे त्याला माहीत होतं. पण आवतन उंबऱ्याला द्यायचं असतं. पारावर कुणी तरी म्हणालं, "नावच द्वारका, आन दार न्हाई." ते तिच्या कानावर आलं तेव्हा तीसुद्धा हसली. दुसऱ्या दिवशी तिने सुताराला बोलावणं धाडलं.

बोळाकडची भिंत फोडून दार काढायचं आणि बाहेरून दगडी पायऱ्या घ्यायच्या, असं तिने ठरवलं. पायऱ्यांना लागणारी जागा बाबूचाचांची. ते कां-कूं करू लागले. आज पायऱ्या, उद्या ओटा, परवा काय? तेव्हा अमिनाभाभी आतून पान लावता लावता म्हणाली, "पायऱ्यांच्या खाली पोकळी ऱ्हाईल ना? तितं माझ्या कोंबड्या ऱ्हातील. हो म्हना." ते हो म्हणाले. भाभीच्या कोंबड्या आजही तिथे आहेत.

चूक झाली ती सुताराकडून. त्याने जन्मभर खालच्या घरांच्या चौकटी केल्या होत्या. खालच्या घराला उंबरा उंच ठेवतात, पावसाचं पाणी, विंचूकाटा आत येऊ नये म्हणून. हाताला वळण तेच. त्याने माडीलाही बाभळीचा तसाच उंचापुरा उंबरा बसवला. चौकट भिंतीत पक्की झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. इतक्या वर पाणी येणार कुठून आणि विंचू चढणार कशाला? त्यात पायऱ्या चढून धापा टाकत आलेल्या माणसाला तो उंबरा दिसतच नाही. पहिली ठेच सुतारालाच लागली. "चुकलंच," तो म्हणाला, "निम्मा तासून देतो." बाबूचाचांना फार मजा वाटली. "ऱ्हाऊ दे, गावात पूर आला तर मावशी तेवढी कोरडी ऱ्हाईल." मावशीने सुताराच्या हातातली वाकस काढून बाजूला ठेवली. म्हणाली, "तासू नको. लागू दे लोकांना ठेच. उंबरा हाय ह्ये तरी कळंल."

आणि लागायची. मला प्रत्येक सुट्टीत लागली. पट्टी मागायला आलेल्या दगडूनानाला लागली. त्याने अंगठा चोळत पैसे घेतले आणि मावशीने सुटे परत घेतले नाहीत.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. माणसं खडी फोडायला गेली, बोर्डिंगात मिलो, म्हणजे परदेशी तांबडी ज्वारी, आली. तिच्या पिठाला चिकटाई नसते, भाकरी थापतानाच चिरते. मावशी उकळत्या पाण्याने पीठ मळायची आणि त्या मिलोला शिव्या घालायची. जत्रेचं जेवण करायचं की नाही यावर गावात वाद झाला. शेवटी गोड काही नको, नुसता आमटी-भात, पण जेवण करायचं असं ठरलं. मी तेव्हा गावात होते, मावशीकडेच उतरले होते. सकाळी बाहेर पायऱ्यांवर काठी वाजली. केरूतात्या वर येत होता. दाराशी आला आणि त्याचा अंगठा उंबऱ्यावर आपटला. चौकट धरून तो एका पायावर उभा राहिला.

"लागलं का?" मावशीने आतून विचारलं. ती उठली नव्हती.

"लागलं तर. ह्यो काय उंबरा हाय का बंधारा?" मग आपण कशाला आलो हे त्याला आठवलं आणि तो जरा घोटाळला. "द्वारकाबाई, तुमी एकलीच. तवा चूलबंद म्हनू, का नुसतं नाव घिऊ?"

"तात्या, हितं चुली किती हायेत?"

"एक."

"मंग ती बंद कर की."

केरूतात्याने पाय खाली टेकवला, पागोटं सारखं केलं आणि दहा माणसांच्या घराला सांगावं तशा आवाजात म्हणाला, "चूलबंद आवतान हाय, द्वारकाबाई." तो खाली जाईपर्यंत ती हलली नाही. मी चहाला आधण ठेवायला गेले तर तिने माझा हात धरला. "ऐकलं न्हाईस? बंद म्हनलाय." दुपारी पंगत बसेपर्यंत आम्ही दोघी चहावाचून बसलो होतो. डोकं दुखत होतं माझं. ती मात्र थंड चुलीपुढे पाय पसरून, हात मांडीवर ठेवून बसली होती. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातांना सकाळी काही काम नव्हतं.

त्याच मुक्कामात मी तिला कायदा सांगितला. मूलबाळ नसलेली बाई काही लिहून न ठेवता गेली, तर तिच्या कमाईचं घर नवऱ्याकडे जातं, त्याने तिला टाकलेलं असलं तरी. मला वाटलं ती चिडेल. तिने शांतपणे विचारलं, "ज्यानं मला उंबऱ्याभाईर काढली, त्याला माझा उंबरा?" आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही पुन्हा पारनेरला त्याच दोऱ्याच्या चष्म्यापुढे जाऊन बसलो. खोली तिने माझ्या नावे लिहून ठेवली, आणि ते भानुदासमामाला आणि तांबोळ्यांना घरी येऊन सांगितलं, लपवलं नाही. मला मात्र निराळं बजावलं. "तुला ऱ्हायला न्हाई दिली. तू नगरात पत्रकं काढ. ही विकायची. जिला घरातनं भाईर पडायचंय आन जायला जागा न्हाई, तिला."

मी म्हणाले, मग विकायची कशाला? देऊन टाकू.

"फुकट न्हाई," ती म्हणाली. "फुकटच्या घरात बाई पावनीच ऱ्हाती. भाव पाड, हप्त्यानं घे, पन विकत दे. तिचं तिनं घेतलं पायजे."

"आणि आलेल्या पैशाचं काय करू?"

"दुसरी खोली घे. आन ती बी इक."

हसली ती. पण मी तिच्याकडे बघत राहिले. आमच्या एकाही पत्रकात इतका सरळ कार्यक्रम मी वाचलेला नव्हता.

पावलं वाजली नाहीत त्या दिवशी तिला नेताना पायऱ्या अरुंद पडल्या, आणि उंबऱ्यावरून तिरडी उंच उचलावी लागली. पुढच्या अंगाला दगडूनाना आणि भानुदासमामा, मागे बाबूचाचा. नानाला शेवटी लागलीच. तो एक क्षण थांबला, तोल सावरला आणि हळू आवाजात म्हणाला, "जाताजाता बी लावलीस, मावशे." खाली भाभी कोंबड्या झाकून उभी होती…

नवरा आला नाही. त्याचा पुतण्या दहाव्याला आला, खोलीची चौकशी केली, कागद बघितला आणि चहा न घेता गेला. तेराव्यानंतर भानुदासमामा माझ्यापाशी बसला. सुप्याचा एक भुसारवाला रोख द्यायला तयार आहे. त्याला बाजरीची पोती ठेवायला कोरडी जागा हवी आहे. "पोरी, भाव चांगला हाय," मामा म्हणाला. "बाया कुठून येनार घर घ्याला? आपल्यात कुनी बाई घर घेती का?"

"एकीने घेतलं," मी म्हणाले.

पोती त्या उंबऱ्यावरून नेताना हमालांचे पाय मोडतील हे मी त्याला सांगितलं नाही. उंबरा तासतील, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी भुसारवाल्याला नाही कळवलं. मामा रागावला आहे. त्याचा राग मी सोसेन, पण खोली पोत्यांना देणार नाही.

तेव्हा हे उघड लिहिते. माडीवरची एक खोली विकायची आहे. खिडकी एक, चूल एक, पत्रे नवे घातलेले. चतुःसीमा कागदात आहेत. घेणारी बाई असावी, एकटी असावी, खोली तिच्याच नावावर व्हावी. बाप, भाऊ, मुलगा यांनी सोबत यावं, पण सही तिची. भाव तिच्या कमाईकडे बघून ठरेल, फुकट मिळणार नाही. उंबरा तासायचा नाही. जिला हवी तिने पारनेर गाडीने यावं आणि गावात तांबोळ्यांचं घर विचारावं. भाभी वर घेऊन जाईल.

मागच्या रविवारी राजूरकडची एक बाई आली होती. तिथल्या आश्रमशाळेत स्वयंपाक करायची, आता आमच्या बोर्डिंगात मावशीच्या जागी लागली आहे. बरोबर थोरला भाऊ होता. तो पुढे होऊन आत शिरला आणि अडखळला. अंगठा धरून म्हणाला, "आधी हे खाली घ्यावं लागंल." ती बाहेर शेवटच्या पायरीवर उभी होती. तिने वाकून उंबऱ्याच्या लाकडावरून हात फिरवला. म्हणाली, "दादा, घेतली तर त्ये माझं मी बघंन." मग लुगडं सावरून पाय उंच उचलून आत आली. चुलीपाशी गेली, खिडकीपाशी गेली, पुन्हा चुलीपाशी आली. फळ्या वाजत होत्या.

खालून भाभीचा आवाज आला, "वर कोन हाय?"

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग पायाखालच्या फळ्यांकडे, आणि जरा मोठ्याने म्हणाली,

"मी हाय."